हक्कसोड ही देवघेव नव्हे

वडिलांचं तेरावं उरकतं, पाहुणे पांगतात, आणि महिना-दोन महिन्यांत बहिणींना निरोप जातो: आधार कार्ड घेऊन बुलढाण्याला या, सही करायची आहे. देऊळघाटात किंवा पैनगंगेच्या काठच्या कुठल्याही गावात हे कोणाला नवं नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोड पत्र नोंदवलं जातं. 'राजीखुशीने', 'विनामोबदला', 'कोणाच्याही दबावाला बळी न पडता' हे शब्द त्यात ठरलेल्या जागी येतात. मग गावी फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं उरतात.

या सहीचं एक विद्वान स्पष्टीकरण आता रूढ होऊ लागलं आहे. माणूस प्रत्येक नात्यात मिळकत आणि किंमत तोलत असतो. मिळकत जास्त वाटली तर नातं टिकवतो, किंमत जास्त वाटली तर सोडतो. या न्यायाने बहिणीने जमीन दिली आणि त्या बदल्यात माहेर राखलं. भाऊबीज, बाळंतपण, अडीनडीला उभं राहायला एक दार, हे तिला दोन एकरांपेक्षा मोलाचं वाटलं. तिने तिचा फायदा पाहिला, मग आपण कोण बोलणार? समाजशास्त्राच्या वर्गात याला सामाजिक विनिमयाचा सिद्धान्त म्हणतात. विवाहपूर्व मार्गदर्शनात आणि नातेसंबंधांवरच्या व्याख्यानांत तोच सिद्धान्त सोप्या भाषेत सांगितला जातो: नातं म्हणजे गुंतवणूक, परतावा बघा.

मला हे स्पष्टीकरण मान्य नाही. अपुरं आहे म्हणून सोडून द्यावं, इतकं ते निरुपद्रवीही नाही. ज्या बाईबद्दल ते बोलतं तिचं ते नुकसान करतं, कारण तिच्यावर झालेल्या सक्तीला ते तिच्या निवडीचं नाव देतं. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणं मला आवश्यक वाटतं.

आधी सिद्धान्ताची बाजू नीट मांडतो. जॉर्ज होमन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1958 साली एक निबंध लिहून सामाजिक वर्तन ही देवघेव आहे असं मांडलं. त्याचा पाया त्याने हार्वर्डमधले त्याचे सहकारी बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांतून घेतला: ज्या कृतीला दाणा मिळतो ती कृती कबूतर पुन्हा करतं. उदाहरण मात्र कार्यालयातलं घेतलं. पीटर ब्लाऊ या समाजशास्त्रज्ञाने एका अमेरिकी सरकारी खात्यातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता. तिथे अवघड प्रकरण आलं की कमी जाणकार माणूस जाणकाराचा सल्ला घ्यायचा. जाणकाराला मान मिळायचा, पण त्याचा वेळ जायचा. विचारणाऱ्याला मदत मिळायची, पण आपण कमी आहोत हे कबूल करावं लागायचं. 1959 साली थिबो आणि केली या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यात दोन मापं घातली. एक, मला या नात्यातून किती मिळायला हवं अशी माझी अपेक्षा. दुसरं, हे नातं सोडलं तर बाहेर मला काय मिळेल. पहिल्या मापावरून माणूस समाधानी आहे की नाही हे कळतं, दुसऱ्यावरून तो राहील की जाईल हे कळतं. ब्लाऊचं स्वतःचं मोठं पुस्तक 1964 साली आलं.

हे सगळं टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. आमच्या भागात नात्यांत हिशोब नसतो असं म्हणणारा माणूस कधी लग्नाच्या मांडवात बसलेला नसावा. आहेराची वही मांडवातल्या एका विश्वासू माणसाकडे असते. नाव, गाव, रक्कम, पातळ, भांडं, सगळं त्यात उतरतं. पाच-दहा वर्षांनी समोरच्या घरी कार्य निघालं की ती वही पेटीतून काढली जाते, आपल्याला काय आलं होतं ते पाहिलं जातं आणि त्यावर थोडं चढवून आहेर केला जातो. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस याने 1925 साली भेटवस्तूंवरच्या आपल्या निबंधात नेमकं हेच दाखवलं होतं: देणं, घेणं आणि परत करणं या तिन्ही गोष्टी बंधनकारक असतात, आणि ते बंधन हेच समाजाला धरून ठेवतं.

पण ही वही बाजाराच्या हिशोबासारखी चालत नाही, हे सिद्धान्ताच्या नजरेतून सुटतं. बाजारात देणं-घेणं बरोबर झालं की दोघंही मोकळे. आहेरात बरोबर झालं की खटकतं. पाचशे एक आले आणि पाचशे एकच परत केले तर बायका तिथल्या तिथे बोलतात. थोडं जास्त द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी समोरच्यावर थोडं देणं राहील. मग तो थोडं चढवेल, मग आपल्यावर राहील. हिशोब ठेवायचा तो मिटू नये म्हणून. क्लार्क आणि मिल्स या अमेरिकन संशोधकांना 1979 साली प्रयोगशाळेतही याची खूण सापडली. ज्या व्यक्तीशी जवळीक व्हावी असं वाटतं, तिने केलेल्या मदतीची लगेच परतफेड केली तर ती व्यक्ती कमी आवडू लागते. विनिमयाच्या नियमाने उलट व्हायला हवं होतं.

सावडीचं मात्र थोडं वेगळं. दोघांकडे एकेक बैल, मग जोडी जमवून आज तुझं वावर, उद्या माझं. निंदणाला, सोंगणीला दोन्ही घरांतली माणसं मिळून दोन्ही शेतं उरकतात. इथे सिद्धान्त बराचसा खरा ठरतो आणि त्याचं कारण स्पष्ट आहे: सावड बरोबरीच्यांत होते. ज्याच्याकडे बैलही नाही आणि वावरही नाही त्याच्याशी कोणी सावड करत नाही, त्याला मजुरी देतात. ब्लाऊच्या कार्यालयातले अधिकारीही कमी-जास्त हुशार असतील, पण पगार, हुद्दा आणि संध्याकाळी घरी जाण्याची मोकळीक सगळ्यांना होती. बरोबरीच्यांतल्या देवघेवीवरून काढलेला नियम नंतर जिथे बरोबरी नाही तिथे लावला गेला. चूक तिथे झाली.

ही चूक आपल्याकडे पूर्वीही झाली आहे. गावगाड्यात बलुतेदार वर्षभर काम करायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा. विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्याने उत्तर प्रदेशातल्या एका गावात राहून 1936 साली या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलं आणि तिचं चित्र परस्परांच्या सेवेचं म्हणून रंगवलं. दूरवरून पाहणाऱ्याला ते तसंच दिसणार: कुंभार मडकी देतो, शेतकरी जोंधळा देतो. पण त्याच्या आठ वर्षं आधी, 1928 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं होतं. महारकीचं काम कोणत्याही वेळी, कितीही वेळ, घरातल्या कोणावरही पडू शकत होतं आणि मोबदला काय मिळायचा ते देणाऱ्याच्या मर्जीवर होतं. बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं: कामाची हद्द ठरवा, मोबदला ठरवा आणि काम सोडण्याची मुभा द्या. या तीन गोष्टी नसतील तर धान्याच्या चार पायल्यांनी गुलामगिरीची देवघेव होत नाही. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी तिकडे होमन्सचा निबंध छापला गेला.

बाबासाहेबांच्या त्या तीन कसोट्या हक्कसोड पत्राला लावून पाहू.

बहीण काय देते ते ठरलेलं आहे: गट क्रमांक, क्षेत्र, हिस्सा, सगळं कागदावर आहे. तिला काय मिळणार ते मात्र कागदावर कुठेच नाही. कागद उलट म्हणतो, विनामोबदला. दरवर्षी दिवाळीला बोलावू, मुलाच्या लग्नात मामाचा आहेर करू, नवऱ्याने घराबाहेर काढलं तर चार महिने ठेवून घेऊ, यातलं काहीही भावावर बंधनकारक नाही. एका बाजूने पक्की, नोंदणी झालेली, परत न घेता येणारी जमीन. दुसऱ्या बाजूने सवड आणि मर्जी. विनिमय म्हणायचं तर निदान दोन्ही बाजूंनी काही तरी यावं लागतं.

आता मुभा. सही नाकारली तर काय होतं? लेकीला राखीला बोलावणं येत नाही, भाचीच्या साखरपुड्याची खबर दुसऱ्याकडून कळते, आई जिवंत असेल तर ती दोघांच्या मध्ये रडत बसते. सिद्धान्त म्हणेल, बघा, हीच ती किंमत, हीच तिने तोलली. मी विचारतो, ही किंमत लावली कोणी? माहेर जन्माने तिचं होतं. ते तिच्याकडे आधीपासून होतं. तेच काढून घेण्याची धमकी देऊन तेच तिला विकलं गेलं. आणि भावासमोर असा पर्याय कोणी ठेवला? बहिणीची माया हवी असेल तर दोन एकर सोड, असं त्याला कोणी म्हणत नाही. त्याला बहीण आणि जमीन दोन्ही मिळतात. निवड करायची वेळ फक्त एकाच बाजूवर येते, आणि मग त्या बाजूने किती शहाणपणाने निवड केली याचं विश्लेषण आपण करतो. ज्या तराजूत आधीच पासंग आहे त्याच्या काट्याकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी वजन खरं कळणार नाही.

यावर भावांच्या बाजूने दोन उत्तरं हमखास येतात, त्यांचा विचार करायलाच हवा. पहिलं: तिच्या लग्नात हुंडा दिला, मानपान केला, तोच तिचा हिस्सा. हुंडा तिच्या हातात कधी गेला? 1961 च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यानेही म्हटलं आहे की कोणी हुंडा घेतलाच असेल तर तो त्या बाईच्या स्वाधीन करावा लागेल. मला असं एकही घर माहीत नाही जिथे ते झालं. हुंडा सासऱ्याच्या हातात गेला, घराच्या स्लॅबात गेला, दिराच्या नोकरीसाठी गेला. तिच्या नावाने बापाने खर्च केला हे खरं, पण तो तिला मिळाला हे खोटं.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: आई-बापाचं म्हातारपण भावाने केलं. बरं, कोणी केलं? पथ्याची भाकरी कोणी थापली, कपडे कोणी बदलले, रात्री कोणी उठलं? वहिनीने. मग सातबाऱ्यावर वहिनीचं नाव का नाही? तिथे पुन्हा भावाचंच. आणि हीच वहिनी तिच्या माहेरी, धाडला किंवा चिखलीकडे कुठे, स्वतःच्या भावासाठी सही करून आलेली असते. प्रत्येक बाई एका घरी हक्क सोडते आणि दुसऱ्या घरी राबते. एका घरच्या वहीत तिचं देणं कधी लिहिलं जात नाही, दुसऱ्या घरच्या वहीत तिचं येणं. दोन वह्या कधी शेजारी ठेवल्या जात नाहीत, म्हणून कोणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. सिद्धान्त दोन माणसांमधल्या नात्याकडे पाहतो. अन्याय मात्र दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर होतो, आणि तिकडे पाहायला त्याच्याजवळ डोळे नाहीत.

देऊळघाटात हिंदू आणि मुस्लीम दोन्ही वस्ती आहे. मुस्लीम घरांत मुलीचा हिस्सा कुराणाने ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. हिंदू घरांत महाराष्ट्राने 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क देशभर झाला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला. म्हणजे धर्मग्रंथाचा हक्क वेगळा, कायद्याचा वेगळा, पण बहिणीने सोडून द्यायची रीत दोन्ही गल्ल्यांत एकच. मनं वेगळी, श्रद्धा वेगळ्या, तरी तोलण्याचं उत्तर घराघरांत तेच येतं. लाखो बायका स्वतंत्रपणे तोलून एकाच उत्तरावर येत असतील तर त्या तोलत नाहीत, त्यांना उत्तर दिलं गेलं आहे, असं मानणं मला अधिक सरळ वाटतं.

मग अपेक्षेच्या मापाकडे येतो. थिबो आणि केली म्हणतात की माणसाचं समाधान त्याच्या अपेक्षेवर ठरतं. बरोबर. पण अपेक्षा कुठून येते? भावांची ताटं झाल्यावर जेवायची सवय लागलेल्या मुलीची अपेक्षा किती असेल? तिला कमी मिळूनही ती समाधानी दिसेल, आणि सिद्धान्त वहीत लिहील: समाधानी. अमर्त्य सेन यांनी या बाबतीत कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या एका पाहणीकडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधलं आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 साली, तिथे विधुर आणि विधवांना प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी 48.5 टक्क्यांनी प्रकृती बरी नाही किंवा यथातथा आहे असं सांगितलं. विधवांपैकी किती जणींनी सांगितलं? 2.5 टक्के. दुष्काळाने विधवांना सोडलं होतं म्हणून हा आकडा आला नाही. आपण आजारी आहोत असं म्हणण्याचा हक्कच आपल्याला आहे असं त्यांना वाटत नव्हतं. अशा बाईच्या तोंडून 'मला काही नको, भाऊ सुखात राहो' हे वाक्य आलं, तर त्यावरून तिच्या हिशोबाचा अंदाज बांधायला माझं मन धजत नाही.

हा प्रश्न सुचायला मला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही, बंगालपर्यंतही नाही. देऊळघाटच्या शेजारी, बुलढाण्यातच, एका बाईने तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारला होता. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. वऱ्हाडचा कारभार तेव्हा निजामाकडून इंग्रजांकडे आलेला होता, आणि बुलढाणा हे मुंबई-पुण्याच्या वादांपासून बरंच लांब होतं. 1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पुण्याच्या 'पुणे वैभव' या वृत्तपत्राने या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवर झोड उठवली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. 1882 साली ती पुण्यात छापली गेली.

त्या पुस्तकाचं नावच तुलना आहे, आणि तोलण्याला विरोध करण्यासाठी ते लिहिलेलं नाही. ताराबाई तोलतात, कोणत्याही विनिमयवाद्यापेक्षा काटेकोरपणे तोलतात. बायकांवर परंपरेने लादलेले दोष, साहस, कपट, अविचार, एकेक करून हातात घेतात आणि दुसऱ्या पारड्यात पुरुषांचं वागणं टाकतात. त्यांचा सगळा जोर एका गोष्टीवर आहे: बायको मेली की पुरुष लगेच दुसरं लग्न करतो, नवरा मेला की बाईचे केस, दागिने, सणवार आणि पुढचं सगळं आयुष्य काढून घेतलं जातं. तिच्यासमोर एकही वाट ठेवायची नाही आणि मग तिने आडवाट धरली म्हणून तिला फासावर चढवायचं, हा कुठला न्याय? थिबो-केलींच्या भाषेत सांगायचं तर ताराबाईंनी 1882 सालीच विचारलं की बाहेरचे पर्याय कोणी बंद केले. तो प्रश्न न विचारता विजयालक्ष्मीच्या मनातली मिळकत आणि किंमत मोजणं हे त्यांना क्रूर वाटलं असतं, असा माझा विश्वास आहे.

जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये आपल्या 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण नंतर पुस्तक विस्मरणात गेलं, इतकं की स. गं. मालशे यांनी ते शोधून 1975 साली पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा ते मराठी वाचकाला जवळजवळ नवंच होतं. बुलढाण्याच्या महाविद्यालयांत मुलं होमन्स आणि ब्लाऊ पाठ करत असतील तर त्यांच्या शेजारी ताराबाई शिकवल्या जाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. त्या आपल्या जिल्ह्याच्या आहेत म्हणून नव्हे. त्यांनी जे विचारलं ते होमन्सने विचारलं नाही म्हणून.

न्यायासाठी इतकं सांगितलं पाहिजे की परदेशी अभ्यासकांतही सगळे इतके भोळे नव्हते. ज्याच्यावाचून माझं चालत नाही त्याची माझ्यावर सत्ता चालते, हे रिचर्ड इमर्सनने 1962 साली मांडलं. ब्लाऊने तर सांगितलं की परतफेड करता आली नाही की माणसाजवळ आज्ञा पाळणं एवढंच उरतं. माझं भांडण त्यांच्यापेक्षा त्यांच्या पुस्तकांतली ही पानं फाडून उरलेल्या पानांचं व्याख्यान करणाऱ्यांशी जास्त आहे. सत्तेची पानं गेली की जे उरतं ते बायकांना ऐकवायला फार सोयीचं असतं: तूच ठरवलंस, तूच राहिलीस, म्हणजे तुला परवडत होतं.

आता माझ्याच बाजूला येऊन बसू पाहणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. विनिमय सिद्धान्ताला विरोध करणारे काही जण म्हणतात, नात्यात हिशोब नसतो, नातं प्रेमावर चालतं, आपली संस्कृती पाश्चात्त्यांसारखी मोजूनमापून जगत नाही. हे वाक्य कोण म्हणतं ते बघा. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो म्हणतो. मानपानात कोणाला टोपी मिळाली नाही हे वीस वर्षं लक्षात ठेवणारं घर, बहिणीने हिस्सा मागितला की एकदम हिशोबाच्या पलीकडे जातं. मला हिशोब हवा आहे. पूर्ण हवा आहे. माहेरची आणि सासरची वही शेजारी ठेवून हवा आहे.

तसा एक प्रयत्न महाराष्ट्रात शेतकऱ्यांनीच केला आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, त्यानंतर काही वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत शेकड्याने लोकांनी तो केला. 1992 मध्ये शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी परिपत्रक काढलं. मला या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची मांडणी. नवऱ्याने बायकोवर उपकार करावा असं त्यात नव्हतं. घरच्या लक्ष्मीचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, ते त्याने फेडावं, असं होतं. देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण हे प्रथमच उलटं लिहिलं गेलं. उणीव हीच की फेडायचं की नाही हे अजूनही देणेकऱ्याच्याच इच्छेवर होतं.

ती उणीव किती महाग पडते हे आमच्या जिल्ह्याने पाहिलं आहे. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. शेतकरी आत्महत्या करतो, मग प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं, पात्र असेल तर एक लाख रुपये मिळतात. त्याच्या बायकोने वीस वर्षं तेच वावर निंदलं, तीच पऱ्हाटी वेचली, पण तिचं नाव कुठेच नसतं. ती शेतकरी ठरत नाही, शेतकऱ्याची विधवा ठरते. सासरी तिच्या हिश्शाचा वाद सुरू होतो आणि ती माहेरकडे पाहते, तर तिथे तिने आधीच सही केलेली असते. त्या सहीच्या बदल्यात माहेर मिळालं होतं असं म्हणणाऱ्याने हे दार तेव्हा किती उघडं राहतं ते गावात येऊन पाहावं.

म्हणून काही मागण्या करतो. वडील गेल्यापासून एक वर्षाच्या आत बहिणीचं हक्कसोड पत्र नोंदवलं जाऊ नये. ज्या दिवसांत घरातलं कोणीच सरळ विचार करू शकत नाही त्याच दिवसांत ही सही घेतली जाते, हा योगायोग नाही. सोडल्या जाणाऱ्या हिश्शाचं सरकारी दराने मूल्य त्याच कागदावर ठळक लिहिलेलं असावं, म्हणजे बहिणीला आपण काय देतो आहोत ते कळेल आणि भावालाही आपण काय घेतो आहोत ते कळेल. निबंधकाने तिला भाऊ, नवरा आणि लिहिणारा दलाल यांच्यापासून वेगळं बसवून विचारावं. आणि 'विनामोबदला' हा शब्द तिला मोठ्याने वाचून दाखवावा. त्यानंतरही तिला द्यायचं असेल तर तिने द्यावं. बहिणीला भावावर माया करण्याचा हक्क आहे आणि तो मी कोणाकडूनही काढून घेऊ इच्छित नाही.

याने घरं मोडतील, नाती तुटतील, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी आपल्याच गावातल्या भावांच्या वाटण्या आठवाव्यात. दोन भाऊ बांधावरून भांडतात, विहिरीच्या पाळीवरून बोलणं बंद होतं, मोजणी येते, हद्दीचे दगड रोवले जातात, धाकट्याला रस्त्याकडचं वावर मिळालं म्हणून थोरला दोन वर्षं धुसफुसतो. तरीही पुतणीच्या लग्नात दोघं मांडवाच्या दारात उभे राहतात, म्हातारी गेली की दोघं खांदा देतात. हिस्सा घेतला म्हणून धाकट्या भावाला कोणी घरातून तोडत नाही. हिस्सा दे, नाही तर पुन्हा या दारात येऊ नकोस, असं त्याला कोणी सांगितलं तर अख्खा गाव सांगणाऱ्यालाच वेडा म्हणेल.